गोमाशीच्या डोळ्यांतल्या रेघा

आरंभीच क्षमा मागते. लेखन हा माझा प्रांत नव्हे, आणि अडुसष्टाव्या वर्षी तो आपला म्हणावा एवढे धाडसही माझ्यात नाही. आजवर मी लिहिल्या त्या प्रश्नपत्रिका, प्रयोगवह्यांवरचे शेरे आणि कीटकांच्या टाचण्यांखाली लावायच्या नखाएवढ्या चिठ्ठ्या. चिठ्ठी लिहिणाऱ्याला मत मांडावे लागत नाही, ही त्या लेखनातली मोठी सोय. गाव, तारीख, पकडणाऱ्याचे नाव, एवढ्यावर काम भागते. आता हा चार पानांचा मजकूर लिहायला बसले आहे, कारण अशाच एका चिठ्ठीसोबत मी केलेली नोंद खोटी होती, ती पुढे छापली गेली, आणि मी ती दुरुस्त करायला गेले तेव्हा दुरुस्तीही धड झाली नाही. हे सांगण्यासाठी अधिक योग्य जागा असेल, तर ती मला माहीत नाही.

मी सांगलीच्या एका महाविद्यालयात तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. माहेर साताऱ्याचे. लग्न केले नाही, त्यामुळे 'माहेर' हा शब्द वापरण्याचा अधिकार मला आहे का, अशी शंका माझी वहिनी अधूनमधून काढते. तरी ती मला 'वन्सं' म्हणते आणि सुटीत माझी खोली झाडून ठेवते. स्वभावाने मी मागे राहणारी. वर्गात फळ्याकडे तोंड करून बोलणे मला सोपे जाई. विद्यार्थी माझी नक्कल करीत, ते मला ठाऊक होते. ती चांगली होत असे, असे ऐकले आहे.

पन्नाशीला आले तेव्हा विभागप्रमुखांनी सुचवले की, निवृत्तीपूर्वी काहीतरी संशोधन नावावर असावे. मी गोमाश्या निवडल्या. निवडीमागे उदात्त हेतू नव्हता. फुलपाखरे आणि मधमाश्या आधीच पुष्कळांनी घेतल्या होत्या, आणि गोमाश्यांवर बोलायला कुणी मला व्यासपीठावर बोलावणार नाही, याची खात्री होती.

गोमाशी पाहिली नाही असा माणूस खेड्यात सापडणार नाही. घरमाशीहून दुपटी-तिपटीने मोठी, करडी, जनावराच्या पोटाखाली किंवा पायावर बसणारी. चावते ती मादी. अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागते. नर फुलांतल्या रसावर जगतो आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. मादी डासासारखी टोचत नाही, सुरीने कापावे तशी कातडी कापते आणि वर आलेले रक्त टिपते. एवढे असूनही तिच्याकडे एक गोष्ट अशी असते, की ती प्रथम पाहिली तेव्हा मी चकित झाले होते. तिचे डोळे. जिवंतपणी ते हिरवेगार असतात आणि त्यांवर जांभळट पट्टे असतात, कुणाला एक, कुणाला दोन, कुणाला तीन. माशी मेली, वाळली, की काही तासांत हे सारे विझते. मग संग्रहातल्या सगळ्या गोमाश्यांचे डोळे सारखेच तपकिरी दिसतात. जाती ओळखताना हे पट्टे फार उपयोगी असतात, म्हणून नियम असा की, माशी बाटलीत टाकण्याआधी डोळा पाहावा आणि जे दिसेल ते जागच्या जागी वहीत लिहावे. हा नियम मी विद्यार्थ्यांना इतक्या वेळा सांगितला, की माझ्या नकलेतही तो असे: 'आठवून लिहू नका. बघून लिहा.'

त्या वर्षी ऑगस्टमध्ये मी साताऱ्याला भावाकडे मुक्काम ठोकला आणि एक दिवसाआड एसटीने बाहेर पडू लागले. उंब्रजला उसाच्या फडांकडेच्या म्हशी झाल्या, खंडाळ्याकडचे बैल झाले. शेवटी माण तालुका उरला. दहिवडीच्या पुढे एका गावात उतरले. त्या भागात पावसाळा बेताचा, म्हणून मेंढ्या तेव्हा गावीच असतात. दिवाळीनंतर कळप बाहेर पडतात. कळपाबरोबर सामान वाहायला घोडी असे. बिऱ्हाड, भांडी, कोंबड्यांची डाल, अंगावरचे मूल, सगळे तिच्या पाठीवर. मला घोडी हवी होती, कारण घोड्याला चावणाऱ्या गोमाश्या माझ्या यादीत नव्हत्या.

पाझर तलावाच्या खालच्या अंगाला एक पिवळट घोडी चरत होती आणि तिच्याजवळ चाळिशीच्या पुढची एक धनगरीण उभी होती. मी जाळे उघडले. घोडीने पाय आपटला.

"आवं बाई, ते फडकं कशाला फिरवताय? घोडी बुजल," ती म्हणाली. "काय पायजे तुमास्नी?"

मी माशी हवी असल्याचे सांगितले. सांगताना मला नेहमीप्रमाणे ओशाळल्यासारखे झाले.

"माशी?" तिने मला एकदा नीट पाहून घेतले. "न्या की मग. समद्या न्या. घोडी दुवा दील."

ती वाकली आणि घोडीच्या पोटाखाली हात घालून तिने एक माशी अलगद पंखांना धरून काढली. अशी सफाई मी कोणत्याही प्रयोगशाळेत पाहिलेली नाही.

"ही घ्या. पर ही ती न्हवं बरं का."

"ती म्हणजे कोणती?"

"थोरली. थोरली म्हशीला चावती, बैलाला चावती, घोडीला बी चावती. धूर केला की पळती. ही निस्ती घोडीला. हिला धुराचं काय बी न्हाई, बसली की बसली. हातानंच काढाय लागती." मग तिने माशी उन्हाकडे धरली. "डोळं बगा की हिचं. येकच रेघ. काजळ घातल्यागत. थोरलीला दोन असत्यात."

इथे मला सांगायला हवे की, माझा जवळचे पाहण्याचा चष्मा त्या दिवशी साताऱ्याला राहिला होता. बसमध्येच ते माझ्या लक्षात आले होते. मोठ्या अक्षरात नोंदी करून वेळ निभावून नेऊ, असे ठरवले होते. तिच्या बोटांत एक हिरवी ठिणगी चमकत होती, तेवढे दिसले. रेघ एक की दोन, रेघ होती की नव्हती, काहीही दिसले नाही. मी मान मागे घेतली, पुढे केली, पुन्हा मागे घेतली.

'मला दिसत नाही' हे तीन शब्द होते. समोर परीक्षक नव्हता, विभागप्रमुख नव्हते. भर माळावर एक बाई, एक घोडी आणि मी. तरी ते माझ्याने बोलवले नाहीत. माश्यांचा अभ्यास करायला सांगलीहून आलेल्या प्राध्यापिकेला माशी दिसत नाही, हे मला सांगवेना.

"हो," मी म्हणाले. "दिसली."

"दिसली न्हवं?"

"हो, हो."

"मग घाला बाटलीत."

मी क्लोरोफॉर्मच्या बाटलीचे झाकण उघडले. तिने माशी आत सोडली, हात लुगड्याला पुसला आणि ती घोडीशी बोलू लागली. मी तिचे आभार मानले. तिचे नाव विचारले नाही.

दिवेलागणीच्या सुमारास घरी पोचले. वहिनीने चहाबरोबर चष्माही पुढे केला.

"वन्सं, हा फडताळात होता. डोळे घरी ठेवून माश्या बघायला गेला होतात होय?"

भाऊ हसला. मीही हसले. मग माझ्या खोलीत जाऊन चष्मा चढवला आणि बाटलीतली माशी भिंगाखाली घेतली. तोवर डोळे विझून गेले होते.

वहीत प्रत्येक नमुन्यापुढे रकाने असत. बाकीचे सारे भरता आले. 'जिवंतपणीचा डोळा' हा रकाना रिकामा राहिला. मी संदर्भग्रंथ उघडला. पंख, डोक्यावरच्या शिंगिका, पोटावरचे ठिपके तपासत गेले तेव्हा वाट दोन जातींपाशी येऊन थांबली. पहिली सर्वपरिचित, महाराष्ट्रभर आढळणारी. तिच्या डोळ्यांवर दोन पट्टे असल्याचे ग्रंथात लिहिले होते. दुसरी फारशी कुणाला माहीत नसलेली. इंग्रजी अमदानीत कुणीतरी याच भागात घोड्यावर पकडलेल्या एका वाळलेल्या मादीवरून तिचे वर्णन केले होते, जिवंतपणीचा डोळा कुणी पाहिलेला नव्हता, आणि तळटीपेत शंका नोंदवलेली होती की, ही वेगळी जाती नसून पहिलीचाच एक स्थानिक प्रकार असावा. वर्गीकरण अनिश्चित.

धनगरीण म्हणाली होती, एक रेघ. ते खरे असेल, तर माझ्यासमोर पडलेली माशी ती दुसरी असण्याचा संभव होता, आणि ती जाती खरोखरच निराळी असण्याचाही. हे सारे मला त्याच क्षणी कळले होते. कळले नव्हते अशी सबब मला घेता येणार नाही.

मी काय केले ते लिहिते. रकान्यात इंग्रजीत लिहिले: डोळे हिरवे, दोन जांभळे पट्टे, जिवंत असताना पाहिले. आणि वर पहिल्या, सर्वपरिचित जातीचे नाव घातले.

असे का केले याची उत्तरे मी पुष्कळ वर्षे गोळा केली आहेत. दुर्मिळ काही सापडले असा दावा करण्याची मला भीती वाटली, हे खरे आहे. रकाना रिकामा ठेवला असता तर विभागप्रमुखांनी कारण विचारले असते, हेही खरे आहे. पण या दोन्हींच्या खाली जे होते ते असे की, मला ग्रंथ विश्वासार्ह वाटला आणि ती बाई वाटली नाही. दुसऱ्या दिवशी एसटी होती. चष्मा नाकावर होता. मी पुन्हा जाऊन दुसरी माशी मागू शकले असते. गेले नाही. घोडीच्या पोटाखाली आयुष्य घालवलेल्या माणसाने जे पाहिले, ते मी तपासण्याजोगेही मानले नाही.

त्या पाहणीवर माझे तीन पानांचे टिपण एका वार्षिक अंकात आले. शेवटी आभार मानले: विभागप्रमुख, ग्रंथपाल, बंधू. ज्या हातांनी ती माशी काढली त्यांचा उल्लेख नाही. असता तरी नाव कुठून घातले असते?

मग मी निवृत्त झाले. महापुरात महाविद्यालयाच्या तळमजल्यावर पाणी आले, तेव्हा कीटकांची कपाटे बुडाली. पेट्या उघडल्या तर आत गाळ आणि गंजलेल्या टाचण्या. इतरांना हळहळ वाटली. मला हळहळीबरोबर सुटका झाल्यासारखेही वाटले होते.

गेल्या वर्षी एका अनोळखी संशोधिकेचा ई-मेल आला. मूळची वाईची, आता दुसऱ्या राज्यातल्या एका वस्तुसंग्रहालयात कीटकांवर काम करणारी. पत्र शुद्ध मराठीत होते आणि त्यात मला 'आदरणीय बाई' म्हटले होते. ती त्याच शंकास्पद जातीवर काम करीत होती. तिने जुने वाळके नमुने जमवले होते. पंखांतले आणि शिंगिकांतले फरक इतके अल्प होते, की त्यावरून निर्णय होईना. जिवंत डोळ्याची नोंद सापडावी म्हणून तिने जुने अंक चाळले आणि तिला माझे टिपण सापडले. तिने लिहिले होते: 'त्या परिसरातल्या, घोड्यावरून घेतलेल्या मादीच्या जिवंत डोळ्याची ही एकमेव नोंद आहे. आपण दोन पट्टे प्रत्यक्ष पाहिल्याचे म्हटले आहे. त्या आधारे ही जाती निराळी नाही आणि तिचे नाव रद्द करून ती परिचित जातीत मिळवावी, असे मी मांडते आहे. आपण एकदा दुजोरा द्यावा.'

नाव रद्द झाले, म्हणजे पुढे त्या माशीचा शोध कुणी घेणार नाही. जे वेगळे नाही ते शोधायचे कशाला? एका जातीचे असणे-नसणे माझ्या त्या रकान्यावर येऊन ठेपले होते, आणि त्याहून जवळची गोष्ट म्हणजे एका प्रामाणिक मुलीचे काही वर्षांचे काम.

मी त्याच दुपारी उत्तर लिहिले. 'नोंद माझीच आहे. कायम समजावी.' दोन वाक्ये. पाठवून दिले आणि भाजी चिरायला बसले.

पहिल्या वेळी मी पन्नाशीची होते, थकलेली होते, लाजाळू होते. त्या खोट्याला मी काही ना काही नाव देऊ शकत होते. या दुसऱ्याला देता येईना. तिने 'आपण प्रत्यक्ष पाहिले' हे शब्द लिहून विचारले होते, आणि मी हो म्हणाले होते.

आठ दिवस काढले. नवव्या दिवशी साताऱ्याला गेले आणि वहिनीला एका मैत्रिणीकडे जाते असे सांगून दहिवडीची एसटी धरली. गावात 'घोडी असलेली बाई' म्हणून विचारले. चहाच्या टपरीवरचे गृहस्थ म्हणाले, "घोड्या कवाच गेल्या, बाई. आता टेंपो हाय. पर तुमी म्हंताय ती म्हातारी हाय की, त्या पत्र्याच्या घरात."

ती उंबऱ्यात बसून लोकर विंचरत होती. पाठ वाकली होती. मला वाटले, मला आता सगळ्याची आठवण करून द्यावी लागेल. मी 'माशी' एवढेच म्हणाले.

"या, माशीवाल्या बाई," ती म्हणाली. "लय दिसांनी. चष्मा आणलाय न्हवं आज?"

तिने लोकर बाजूला सारून मला बसायला घोंगडी दिली.

"तुमाला तवा दिसलं न्हवतं," ती म्हणाली. "मला ठावं हुतं. तुमी मान आशी आशी मागं घेतलीसा. माजी सासू सुई ओवताना घ्यायची, तशी."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुमी म्हनलासा, दिसली. येवढ्या शिकल्याल्या बाईला खोटं कसं म्हनायचं, आन ते बी घोडीच्या पोटाखाली?"

ती हसली. सून चहा घेऊन आली, तिलाही तिने सांगितले, दोघी हसल्या. त्या हसण्यात टोचण्यासारखे काही नव्हते, आणि म्हणून मला बसवेना. मी तिला विचारले की, तिला अजून नक्की आठवते का. ती म्हणाली, त्यात आठवायचे काय. तिने हयातभर त्या माश्या काढल्या होत्या, एकेका दिवसात दहा-दहा. घोडीवरच्या माशीला एक रेघ, थोरलीला दोन. घोडी म्हातारी होऊन गेली, मुलाने टेंपो घेतला, तेव्हापासून ती माशी तिने पाहिली नव्हती. "असंल कुटं तरी. नसंल बी. तिला घोडीबिगार जमतंय का, काय ठावं."

मग मी तिला सगळे सांगितले. वहीत काय लिहिले, ते कुठे छापले, आता कोण काय विचारते आहे, आणि मी पुन्हा खोटे कसे बोलले. तिने मध्ये एकदाही अडवले नाही.

"मग आता तुमास्नी काय करत्याल?" तिने विचारले.

"काही करत नाहीत."

"पेन्शनीला काय हुनार न्हाई न्हवं?"

"नाही, नाही. पेन्शनचा काही संबंध नाही."

तिचा विश्वास बसल्यासारखे दिसले नाही. मी तिच्या मुलाचा मोबाइल क्रमांक घेतला आणि सांगितले की, त्या मुलीचा फोन येईल, तेव्हा तुम्ही पाहिले तेच सांगा. या वेळी नावही विचारले. तिने सांगितले आणि म्हणाली, "लिवून घ्या, न्हाईतर इसराल." मी तिच्यासमोर लिहून घेतले. इथे ते देत नाही, कारण इथे कुणाचेच नाव नाही. पण माझ्या दुसऱ्या पत्रात ते होते.

ते दुसरे पत्र मी सांगलीला परतल्यावर लिहिले. त्याला तीन दिवस लागले. त्यात लिहिले की, मी डोळा पाहिला नव्हता; दोन पट्टे मी ग्रंथातून उचलले; तुमच्या पत्राला दिलेला दुजोराही खोटा होता; डोळा पाहिला तो या बाईंनी, आणि त्यांनी एक रेघ सांगितली होती. हेही लिहिले की, चिठ्ठी आणि माशी दोन्ही महापुरात गेल्या.

संशोधिकेचे उत्तर आले नाही. आठवड्याने फोन आला. आवाज अपेक्षेहून तरुण होता आणि फार सभ्य होता.

"बाई, तुमचं पत्र मिळालं. हे लिहिणं सोपं गेलं नसणार. मी त्या आजींना फोन केला होता," ती म्हणाली. "मी मुद्दाम काही सुचवलं नाही. घोडीवरच्या माशीच्या डोळ्यात किती रेघा असायच्या, एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, दोन."

पुन्हा विचारून पाहिलेस का, असे मी म्हटले.

"मी पुन्हा विचारलं. तर म्हणाल्या, 'दोनच. बाईंनी बगूनच लिवलं आसंल. बाई लय हुशार हायत, त्यांचं चुकायचं न्हाई.' आता मी काय धरू, ते मला कळत नाही."

फोन ठेवल्यावर मी माणला फोन लावला. मुलाने आईला दिला.

"असं का सांगितलंत?" मी विचारले.

"मग काय सांगू? पोरगी हापिसातली वाटली. कागुद-पेन घिऊन बसल्यागत इचारत हुती. म्हनलं, तुमच्या नावाला लागाय नगं."

"अहो, पण मीच तिला खरं कळवलं होतं."

"ते तुमी कळवलं आसंल. मी कशाला कुनाच्या इरुद्द बोलू?" मग म्हणाली, "चुकलं का माजं?"

मी नाही म्हणाले. तिचे काय चुकले होते? अठरा वर्षांपूर्वी माळावर तिने मला जसे सांभाळून घेतले, तसेच याही वेळी घेतले होते. तेव्हा मला लाज वाटू नये म्हणून ती गप्प राहिली आणि आता माझी लाज राखायला खोटे बोलली. हे दोन्ही करायला तिला माझ्यापासूनच कारण मिळाले होते.

"पुन्हा फोन आला तर खरं सांगाल?" मी विचारले.

"सांगते की. येक म्हनून सांगू न्हवं?"

तिने असे विचारल्यावर मला समजले की, आता तिला पुन्हा विचारण्यात अर्थ उरला नाही. ती एक म्हणाली, तर ते मी पढवलेले ठरणार. दोन म्हणाली, तर ते खोटे. जे तिने हयातभर पाहिले होते त्याची साक्ष म्हणून किंमत माझ्या हातून संपली होती.

हे सारे मी संशोधिकेला कळवले. फोनवरचे बोलणे जसेच्या तसे लिहिले, तिचा शेवटचा प्रश्नसुद्धा. पावसाळा लागल्यावर मी स्वतः जाळे आणि चष्मा घेऊन चार वेळा माणला जाऊन आले. तालुक्यात अजून घोडी बाळगणारी दोन बिऱ्हाडे मिळाली. गोमाश्या मिळाल्या त्या सगळ्या थोरल्या. प्रत्येकीचा डोळा मी उन्हात धरून पाहिला. दोन रेघा, स्वच्छ. धूर केला की त्या उडत होत्या. धुराला न जुमानणारी एकही भेटली नाही, आणि ती आता नाही असे चार फेऱ्यांवरून म्हणण्याचा मला अधिकार नाही.

संशोधिकेला तिचा प्रबंध लवकरच द्यायचा आहे. तिने मला स्पष्ट लिहिले आहे, आणि त्या स्पष्टपणाबद्दल मी तिची ऋणी आहे. तिच्यापुढे तीन वाटा आहेत. छापील नोंद धरून ते नाव रद्द करणे. ती आता तसे करणार नाही. माझे आधीचे आणि नंतरचे सारे म्हणणे बाजूला ठेवून ती जाती होती तशीच शंकास्पद सोडून देणे. किंवा माझे दुसरे पत्र खरे मानून ती निराळी असण्याच्या बाजूने लिहिणे. तिसरी वाट घ्यायची तर तिला एका अशा व्यक्तीचा शब्द घ्यावा लागेल, जिने तिला एकदा लेखी फसवले आहे, आणि जिच्या साक्षीदाराने फोनवर उलट सांगितले आहे. तिने माझ्याकडून शेवटचे निवेदन स्वाक्षरीनिशी मागवले. मी ते काल पाठवले. त्यात तीनच वाक्ये आहेत: मी पाहिले नाही. त्या बाईंनी पाहिले. त्या एक म्हणाल्या.

आता निर्णय तिचा आहे. तरी एक गोष्ट तिला विचारण्याचे तोंड मला उरलेले नाही, म्हणून ती आपल्याला विचारते. आपण तिच्या जागी असता, तर माझ्या या तीन वाक्यांवर विश्वास ठेवला असता का?